विमा कुटुंबाचा, आजारपण बाईचं

(कोल्हापूर येथे घरकामगार आणि एकल स्त्रियांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

आज कामाचा दिवस आहे. तुमच्यापैकी कितीतरी जणी सकाळची दोन घरं उरकून आणि दुपारच्या घरी 'आज येणार नाही' असं सांगून इथं आल्या आहेत. काहींचा खाडा धरला जाईल. त्यामुळे लांबलचक भाषण करायला मला संकोच वाटतो. संयोजक मैत्रिणींनी मला सांगितलं होतं की सरकारी आरोग्य विम्याची माहिती द्या, कुठलं कार्ड लागतं आणि किती रकमेपर्यंत उपचार मिळतात ते सांगा. ते मी सांगणारच आहे. पण आधी मला एका बाईविषयी बोलायचं आहे. त्यात माझी स्वतःची एक चूक आहे, तीही तुमच्यासमोर सांगायची आहे.

एम. एस. डब्ल्यू. झाल्यावर एका रुग्णालयात समाजसेविका म्हणून मी काम करत होते. साल २०१४. आपल्या जिल्ह्यात राजीव गांधी जीवनदायी योजना लागू होऊन काही महिनेच झाले होते आणि आम्ही सगळे उत्साहात होतो. एक दिवस तिशीतली एक बाई माझ्या टेबलापाशी आली. राजारामपुरीत चार घरी धुणंभांडी करायची. छातीत गाठ होती. डॉक्टरांनी तपासून योजनेत बसवा म्हणून माझ्याकडे पाठवलं होतं. मी विचारलं, रेशनकार्ड आहे का? ती म्हणाली, "कार्ड हाय की ताई, पर त्येच्याकडं हाय. माझं नाव त्येच्याच कार्डात हाय." नवऱ्यानं पाच वर्षांपूर्वी टाकलेलं होतं. तो गावाकडं दुसरं घर करून राहत होता. मी तिला काय सांगितलं असेल? "जा, कार्ड घेऊन ये. कार्ड आणलंस की सगळं फुकट होईल."

नियमाप्रमाणे मी बरोबर सांगितलं होतं. ती सात महिन्यांनी आली. कार्ड घेऊन आली. मी आनंदानं फॉर्म भरला, मंजुरी आली, ऑपरेशन झालं, एक रुपया लागला नाही. दरम्यान गाठ काखेत पोचली होती. वॉर्डात बसून बोलताना मी विचारलं, एवढे दिवस का लावलेस? तेव्हा कळलं. नवरा म्हणाला होता, "पोटगीचा दावा मागं घे, मग कार्ड देतो." तिनं आधी नकार दिला. मग दुखायला लागल्यावर कोर्टात जाऊन दावा मागं घेतला आणि कार्ड आणलं.

सरकारनं तिच्या कुटुंबासाठी विमा कंपनीला हप्ता भरला होता. पण तिनंही एक हप्ता भरला होता, आणि तो पोटगीचा होता. ती आज आपल्यात नाही. योजनेच्या दप्तरात मात्र तिची नोंद 'लाभार्थी' म्हणूनच आहे.

मैत्रिणींनो, मला आज एवढंच सांगायचं आहे. या योजना वाईट नाहीत. त्यांनी जीव वाचवलेत, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेत. पण त्या कुटुंब मोजतात, बाई मोजत नाहीत. आणि त्या योजना आहेत, कायदा नाही. या दोन गोष्टी बदलल्या नाहीत तर रक्कम कितीही वाढली तरी सगळ्यात गरजू बाई दाराबाहेरच राहील.

आजवर काय काय झालं

थोडा इतिहास पाहू. १९९७ साली महाराष्ट्रात 'जीवनदायी' योजना आली. ती फक्त दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांसाठी होती आणि हृदय, मूत्रपिंड, मेंदू, कर्करोग अशा मोठ्या आजारांपुरती होती. २००८ साली केंद्र सरकारची राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना आली. ३० रुपये भरून कार्ड काढायचं आणि कुटुंबातल्या पाच जणांना मिळून वर्षाला ३० हजारांपर्यंत उपचार घ्यायचे. २०११ साली घरकामगारांनाही त्यात घेण्याचा निर्णय झाला. तुमच्यातल्या जुन्या कार्यकर्त्यांना तो आठवत असेल. पण पाचच जण! घरात सासू आहे, सासरा आहे, तीन-चार मुलं आहेत. अशा वेळी नाव गाळायची पाळी कुणावर येते, हे मी तुम्हाला सांगायला नको.

२ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये ती कोल्हापूरसह सगळ्या राज्यात आली. पिवळं कार्ड, केशरी कार्ड, अंत्योदय आणि अन्नपूर्णा असलेल्या कुटुंबांना वर्षाला दीड लाखापर्यंत उपचार होते. मूत्रपिंडाच्या प्रत्यारोपणाला अडीच लाख होते. २०१७ साली योजनेला महात्मा जोतिराव फुले यांचं नाव दिलं. २३ सप्टेंबर २०१८ रोजी केंद्राची आयुष्मान भारत योजना आली. तिची रक्कम कुटुंबाला वर्षाला पाच लाख, आणि कुटुंबात माणसं किती याची अट काढून टाकली. हे चांगलं झालं, आपण त्याचं स्वागत केलं पाहिजे. २०२० पासून राज्याची आणि केंद्राची योजना एकत्र चालू लागली.

मग २०२३ च्या जून-जुलैमध्ये राज्य शासनानं निर्णय घेतला की महाराष्ट्रातल्या सगळ्याच कुटुंबांना पाच लाखांपर्यंत संरक्षण द्यायचं. पांढरं कार्डवालेही आले. ज्यांच्याकडे रेशनकार्डच नाही त्यांनाही अधिवासाचा दाखला दाखवून योजना मिळेल असं ठरलं. १ जुलै २०२४ पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली. मूत्रपिंड प्रत्यारोपणाची मर्यादा साडेचार लाख झाली. शासनाच्या महिला आश्रमातल्या आणि वृद्धाश्रमातल्या व्यक्तींनाही यात जागा आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रानं सत्तर वर्षांवरच्या सगळ्यांना, उत्पन्न न बघता, आयुष्मानमध्ये घेतलं. आपल्या म्हाताऱ्या आयांसाठी ही मोठी गोष्ट आहे. सत्तरी ओलांडलेल्या तुमच्या शेजारणीला हे सांगा.

म्हणजे कागदावर आता कुणीच वगळलेलं नाही. मग मी कसली तक्रार करते आहे?

कार्ड कुणाच्या ट्रंकेत?

'कुटुंब' म्हणजे काय हे रेशनकार्ड ठरवतं. आणि रेशनकार्ड बाईच्या आयुष्याबरोबर चालत नाही. तिचं लग्न होतं तेव्हा माहेरच्या कार्डावरून नाव कमी होतं. ते सासरच्या कार्डावर चढायला कधी दोन वर्षं जातात, कधी पहिलं मूल होईपर्यंत थांबतात. त्या मधल्या काळात ती कुणाच्याच कार्डावर नसते. बाळंतपणाचा काळ नेमका तोच असतो. नवऱ्यानं टाकलं की ती सासरच्या कार्डावरच राहते, पण कार्ड त्याच्या ट्रंकेत. स्वतःचं वेगळं कार्ड मागायला गेली की विचारतात, आधीच्या कार्डावरून नाव कमी केल्याचा दाखला आणा. तो दाखला काढायला मूळ कार्ड मागतात. पुन्हा त्याच दारात!

यातला विनोद बघा. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याच्या १३ व्या कलमात म्हटलं आहे की रेशनकार्डासाठी घरातली अठरा वर्षांवरची सर्वात मोठी स्त्री ही कुटुंबप्रमुख. ही तरतूद स्त्रियांच्या बाजूची आहे. पण घरातली सर्वात मोठी स्त्री कोण? सासू. सुनेचं भांडण झालं की कार्ड सासूच्या नावाचं असतं. आणि जिथं बायकोचं नाव प्रमुख म्हणून छापलेलं असतं, तिथंही घराबाहेर पडते तीच, कार्ड पडत नाही.

आता सगळं आधारवर आणि मोबाईलवर आलं आहे, असं सांगतात. आयुष्मान कार्ड आधारवरून निघतं. पण आधारला जोडलेला मोबाईल कुणाचा? बऱ्याच घरात नवऱ्याचा. ओटीपी त्याच्या हातात जातो. पूर्वी कार्ड ट्रंकेत होतं, आता नंबर त्याच्या खिशात आहे, एवढाच फरक झाला.

विधवेचं घ्या. मे २०२२ मध्ये आपल्याच शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र तोडायचं नाही. पाठोपाठ शासनानं सगळ्या ग्रामपंचायतींना तसं करायचं आवाहन केलं. आपल्याला त्याचा अभिमान आहे. पण त्या बाईचं कुंकू राहिलं आणि दिरानं रेशनकार्ड ठेवून घेतलं, तर दवाखान्यात तिचं काय होणार?

देवदासी बायांचं घ्या. आपल्या गडहिंग्लज-कागल भागात हा प्रश्न किती जुना आहे ते इथल्या कार्यकर्त्यांना माहीत आहे. कागद नवऱ्याचं नाव विचारतो, आणि ते तिच्याकडे नसतं. देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांसाठी सर्वोच्च न्यायालयाला मे २०२२ मध्ये आदेश द्यावा लागला की पत्त्याच्या पुराव्याचा आग्रह न धरता त्यांना आधार द्या. म्हणजे साधा ओळखीचा कागद मिळवायला बाईला दिल्लीपर्यंत जावं लागतं.

आणि पाच लाख ही रक्कम कुटुंबाची आहे, माणसाची नाही. टाकलेल्या बाईचं नाव नवऱ्याच्या कार्डावर असेल आणि त्याचं हृदयाचं ऑपरेशन त्याच वर्षी झालं असेल, तर तिच्या वाट्याला उरेल ते. पाच वर्षं ज्यानं तिला भाकरी दिली नाही, त्याच्याबरोबर तिचा विमा मात्र सामाईक आहे.

केंद्राला हे अगदीच माहीत नाही असं नाही. आयुष्मानच्या मूळ याद्या २०११ च्या सामाजिक-आर्थिक गणनेतून घेतल्या. त्यात ग्रामीण भागासाठी एक निकष होता, ज्या घरात सोळा ते एकोणसाठ वयाचा पुरुष नाही अशी स्त्रीप्रमुख कुटुंबं. शहरी भागाच्या कामांच्या यादीत कचरावेचक, घरकामगार, घरी बसून शिवणकाम किंवा हस्तकला करणाऱ्या स्त्रिया होत्या. म्हणजे आपलं नाव कुणीतरी लिहिलं होतं. पण ती गणना २०११ ची. २०१५ साली नवऱ्यानं टाकलेली बाई त्या यादीत कशी सापडणार? २०११ साली ती 'सुखी' होती!

योजना आणि कायदा

आता दुसरा मुद्दा. मी समाजकार्याची विद्यार्थिनी होते तेव्हा 'योजना' आणि 'कायदा' यातला फरक मला परीक्षेपुरता माहीत होता. टेबलावर बसल्यावर तो खरा कळला.

योजना शासन निर्णयानं येते. शासन निर्णयानं तिची यादी बदलते, रक्कम बदलते, कंपनी बदलते, नावही बदलतं. विधानसभेत त्यावर मतदान होत नाही. तुम्हाला नाकारलं तर तक्रार करता येते. टोल फ्री नंबर आहे, समिती आहे. पण नाकारणं हा गुन्हा नाही.

कायद्याचं तसं नसतं. १९४८ चा कामगार राज्य विमा कायदा बघा. कारखान्यातल्या कामगाराला आणि त्याच्या कुटुंबाला औषधोपचार, स्त्री कामगाराला बाळंतपणाची पगारी रजा हे सगळं कायद्यानं मिळालं. नाकारलं तर दाद मागायला कामगार विमा न्यायालय ठेवलं. तो कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेत घातला आहे आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. कायदा असा भक्कम होता, पण तो कुणासाठी? दहा किंवा अधिक माणसांचा कारखाना आणि ठरावीक मर्यादेच्या आतला पगार, एवढ्यांसाठी. इचलकरंजीत घरातल्या घरात कांड्या भरणारी बाई, हुपरीत चांदीच्या पैंजणांना घुंगरं जोडणारी बाई आणि दुसऱ्याच्या मोरीत भांडी घासणारी तुम्ही, यातल्या कुणाचाच त्यात नंबर लागला नाही. ज्याच्याकडे नोकरी पक्की त्याला कायदा, आणि जिच्याकडे काहीच पक्कं नाही तिला योजना! आपल्यासाठी २००८ साली महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला, २०११ साली मंडळही आलं. पण आजारपणाचा हक्क त्यातून उभा राहिला नाही.

काही जण म्हणतात, कायदे करून काय होतं? मी त्यांना आपल्याच चळवळीचं उदाहरण देते. २०१३ साली फौजदारी कायद्यात दुरुस्ती झाली. बलात्कारित किंवा ॲसिड हल्ल्यातल्या स्त्रीवर कुठल्याही रुग्णालयानं, सरकारी असो की खाजगी, ताबडतोब मोफत उपचार केले पाहिजेत, असं त्यात आलं. नाकारलं तर शिक्षा आहे. २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितांतही ही तरतूद कायम आहे. तिथं पिवळं कार्ड लागत नाही, केशरी लागत नाही. एका ठिकाणी तरी आपण मिळवून दाखवलं आहे की बाईचं शरीर हाच पुरेसा पुरावा. हे एका अत्याचारापुरतं न राहता साध्या आजारालाही का लागू नये? २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यातही वैद्यकीय मदत आहे आणि औषधोपचाराचा खर्च नवऱ्याकडून वसूल करता येतो. आपण तो अर्ज करताना मारहाणीचं लिहितो, दवाखान्याच्या पावत्या जोडायला मात्र विसरतो.

आणखी एक कायदा आपल्या हाताशी आहे, तो आपण पुरेसा वापरत नाही. धर्मादाय ट्रस्टची मोठी रुग्णालयं सरकारकडून सवलती घेतात. सार्वजनिक विश्वस्त संस्था कायद्याच्या कलम ४१ कक प्रमाणे आणि मुंबई उच्च न्यायालयानं २००६ साली लागू केलेल्या योजनेप्रमाणे त्यांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. ते दार आपण ठोठावलं पाहिजे.

कोल्हापूरला तर हे नव्यानं सांगायला नको. १९१७ साली शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं तेव्हा आईबापांना नुसती विनंती केली नाही, कायदा केला आणि त्यासाठी पैसा काढला. आज २०२३ साली राजस्थाननं आरोग्य हक्काचा कायदा केला. असा कायदा करणारं ते देशातलं पहिलं राज्य. त्यावर खाजगी डॉक्टरांचा मोठा संप झाला. अंमलबजावणीची लढाई वेगळी, पण विधानसभेत हक्क हा शब्द लिहिला गेला. देशाबाहेर थायलंडनं २००२ साली राष्ट्रीय आरोग्य सुरक्षेचा कायदा केला. तिथं हक्क माणसाला आहे, घराला नाही. बाई नवऱ्याला सोडून गेली तरी तिचा हक्क तिच्याबरोबर जातो. थायलंड काही अमेरिकेसारखा श्रीमंत देश नव्हे.

कुठल्या आजाराचा विमा?

तिसरी गोष्ट, जी बायकांनी एकमेकींशी कुजबुजत बोलायची आणि सरकारशी कधीच बोलायची नाही असं ठरलेलं आहे. आपले आजार कुठले? अंगावरून पांढरं जाणं. अंग बाहेर येणं. कंबरदुखी. रक्त कमी असणं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे. रक्तदाब, साखर, आणि रात्ररात्र झोप न येणं. यातल्या बहुतेकींना ऑपरेशन लागत नाही. लागते ती वेळेवर तपासणी, गोळ्या आणि चार शब्द ऐकून घेणारी डॉक्टर. विमा पैसे देतो ते भरती झाल्यावर. बाहेरून औषध घेऊन जाणाऱ्या बाईला विमा ओळखत नाही.

मग काय होतं? ज्याला पैसे मिळतात तोच उपचार वाढतो. पूर्वीच्या राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेत बिहार, छत्तीसगड आणि राजस्थानात गरज नसताना बायकांच्या पिशव्या काढल्या गेल्याची तक्रार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. एप्रिल २०२३ मध्ये न्यायालयानं सगळ्या राज्यांना हे रोखायची मार्गदर्शक तत्त्वं लागू करायला सांगितलं. महाराष्ट्रात २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली. ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. तिथलं कारण वेगळं होतं. पाळीत खाडा झाला तर मुकादम पैसे कापतो, आणि साध्या दुखण्याला कर्करोगाची भीती घातली जाते. पण या बाया आपल्याला परक्या नाहीत. दर दिवाळीनंतर याच बीडच्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर आपल्या कोल्हापुरातल्या साखर कारखान्यांच्या तळावर उतरतात. तिचं कार्ड बीडला, कोयता शिरोळला. विमा राज्यभर चालतो, हे तिला कुणी सांगितलेलं नसतं. आणि चालला तरी तिला हवी आहे ती तळावर येणारी परिचारिका.

म्हणून विमा वाढवा म्हणताना मी एका हातानं सरकारी दवाखाना घट्ट धरते. ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार निःशुल्क केले आहेत. ते टिकलं पाहिजे, आणि तिथं औषध आणि बाई डॉक्टर असली पाहिजे. आपलं सीपीआर म्हणजे जुनं अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल. १८८६ साली कोल्हापूर संस्थानानं त्याच्या स्त्री-विभागावर डॉ. आनंदीबाई जोशींची नेमणूक केली होती. त्या रुजू होण्याआधीच फेब्रुवारी १८८७ मध्ये गेल्या. पण बघा, बायकांच्या आजाराला बाई डॉक्टर लागते आणि तिचा पगार तिजोरीतून द्यावा लागतो, हे या गावाला तेव्हा कळलं होतं.

आपण काय मागायचं, काय करायचं

मागण्या चारच ठेवूया.

एक, एकल स्त्रीला, मग ती परित्यक्ता असो, विधवा, देवदासी की अविवाहित, तिच्या स्वतःच्या निवेदनावर वेगळं कार्ड. नवऱ्याच्या संमतीची आणि नाव कमी केल्याच्या दाखल्याची अट नको.

दोन, कागद नसला तरी आधी उपचार, कागद नंतर.

तीन, आरोग्याच्या हक्काचा राज्याचा कायदा. त्यात हक्क व्यक्तीचा असेल आणि नाकारल्यास दाद मागायला जागा असेल.

चार, बाह्यरुग्ण उपचार आणि औषधं यात यावीत, आणि पिशवी काढण्याआधी सरकारी रुग्णालयातल्या दुसऱ्या डॉक्टरांचं मत सक्तीचं व्हावं.

मागण्या मान्य होईपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं नाही. घरी गेल्यावर रेशनकार्ड उघडा आणि आपलं नाव त्यात आहे का ते बघा. लेकीसुनांचं बघा. कार्डाचा नंबर एका वहीत लिहून ठेवा, कार्ड हातात नसलं तरी नंबर हातात असू द्या. आधारला स्वतःचा मोबाईल जोडा. योजनेतल्या रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसलेला असतो, त्याला गाठा. १५५३८८ हा टोल फ्री नंबर पाठ करा. कुणी नाकारलं तर भांडू नका, 'लेखी द्या' म्हणा. एकटी जाऊ नका, दोघी जा. पिशवी काढायला सांगितली तर त्या दिवशी सही करू नका. आणि हेरवाडनं दाखवलेली वाट आपण पुढं नेऊ. प्रत्येक गावच्या ग्रामसभेत ठराव मांडा, की आमच्या गावातल्या स्वतःचं कार्ड नसलेल्या एकट्या बायांची यादी करा आणि तहसीलदारांकडे पाठवा. मोर्चात घोषणेपेक्षा ही यादी जास्त वजनदार ठरते.

शेवटी माझ्यापुरतं. त्या बाईला मी परत पाठवलं तो दिवस मी विसरत नाही. तेव्हा मला वाटत होतं, मी योजनेच्या बाजूनं आहे म्हणजे तिच्याच बाजूनं आहे. त्यानंतर माझ्या टेबलाशी कुणी बाई आली की मी पहिला प्रश्न बदलला. आधी विचारते, "कधीपासून दुखतंय?" कार्डाचं मग बघतो, दोघी मिळून.